गलगली मास्तरांचं शेंडेनक्षत्र

२४ ऑक्टोबर १९८५, गुरुवार

आजपासून रोजनिशी. तीही साधीसुधी नाही, आकाशाची. नोकरीत होतो तोवर हजेरीपटापलीकडे काही लिहायला सवड झाली नाही. एकतीस वर्षं हुबळीच्या पोरांना भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर सूर्यमाला काढली, शनीला कडं घातलं, गुरूला पट्टे मारले आणि कोपऱ्यात लांब शेंडीचा धूमकेतू काढून सांगितलं, हा हॅलेचा, शहाऐंशी साली येणार, तेव्हा मी म्हातारा झालेला असेन, मला उचलून गच्चीवर न्या. पोरं हसायची. यातलं काही म्हणजे काही मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

आता दुर्बीण आली आहे. माझ्या निरोपाला जुन्या विद्यार्थ्यांनी शाल-श्रीफळाऐवजी ती दिली. तीन इंची, पांढरी स्वच्छ, तिपाईवर ऐटीत उभी राहते. गेले चार दिवस मला जेवण गोड लागत नाही, कारण जेवताना ती दिसत नाही.

खंडेनवमीला हिने (म्हणजे सौ. यमुनेने) दुर्बीण पाटावर मांडून पूजा केली. इथवर ठीक. पण हळदीकुंकू लावलं ते थेट पुढच्या भिंगावर. मी ओरडलो तर म्हणते, "हत्याराला लावायचं तर तोंडालाच लावायचं की. शेपटीला कोण लावतंय?" हिचं माहेर गदगचं, कानडी. वाद घालताना मराठीत सुरुवात करते आणि जिंकताना कानडीत जाते.

काल रात्री गुरू पाहिला. माझ्या आयुष्यातला पहिला ग्रह.  चारही चंद्र दिसले. म्हणजे एका धुरकट गोळ्यात असावेत असे दिसले. हळदीचा परिणाम. हिने डोळा लावला आणि म्हणाली, "तीन इकडं, एक तिकडं, एका ओळीत. दिव्यांसारखे." मी म्हटलं, बरोबर. उद्या मऊ फडक्याने भिंग पुसायचं.

२८ ऑक्टोबर

कोजागरी आणि चंद्रग्रहण एकाच रात्री. दूध आटवायचं की नाही यावर शेजारच्या अंबूताईंनी संध्याकाळभर खल केला. शेवटी आटवलं, ग्रहण लागायच्या आत पिऊन टाकलं, आणि वर पुन्हा तुळशीचं पानही घातलं. अंबूताई म्हणजे आमच्या विद्यानगरच्या गल्लीची आकाशवाणी. सकाळ-दुपार-संध्याकाळ बातम्या देतात.

ग्रहण अप्रतिम. चंद्र तांब्यासारखा झाला. फक्त त्याला दोन कडा दिसत होत्या, एक खरी आणि एक तिच्या शेजारी. भिंग पुसताना हललेलं दिसतंय. वरच्या खोलीतला आमचा भाडेकरू गुरुराज, बँकेतला, म्हणाला, "सर, काय झकास दिसतंय हो. खड्डे न् खड्डे मोजून घ्यावेत." तरुण आहे. त्याला दोष कळत नाहीत.

१५ नोव्हेंबर

दिवाळीत दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, वर्तमानपत्रवाले शाई वाचवायला लागले आहेत. आतल्या पानावरची बातमी वाचणं म्हणजे शिक्षा. दोन, वीज मंडळ रात्री आठनंतर दिवे मंद करतं. मी गुरुराजला म्हटलं, तुमच्या बँकेतून एक तक्रार जाऊ दे. तो हो हो म्हणाला आणि हिच्याकडे बघितलं. का बघितलं कोण जाणे.

हिची नवी खोड. गच्चीचा जिना चढताना माझ्या पुढे चालते आणि प्रत्येक पायरीला "पायरी" म्हणते. बायको आहे की बसचा कंडक्टर. मी म्हटलं, हा जिना मी बांधून घेतलाय. त्यावर म्हणाली, "म्हणूनच."

पण एक सांगायला हवं, हिला आकाशाची खरी गोडी लागली आहे. हल्ली दुर्बिणीला आधी डोळा हीच लावते, नळी हीच फिरवते, आणि मग मला सांगत बसते काय काय दिसतंय. मी बोलत नाही. शिकणाऱ्याचा उत्साह मोडू नये.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज कृत्तिका. मी गुरुराजला सांगितलं की पूर्वी नजर पारखायला कृत्तिका मोजायला लावत. त्याला सात दिसल्या. हिला सहा. अंबूताई आल्या होत्या, त्यांनी पाच मोजल्या आणि सहावीची चौकशी करत राहिल्या.

"सर, तुम्हाला किती?" गुरुराजने विचारलं.

मी मोजल्या नाहीत. मला मोजायची गरज काय? मला संख्या ठाऊक आहे.

८ जानेवारी १९८६

उत्साहाने झोप उडाली आहे. हॅले आला. वर्तमानपत्रात आलंय (हिने वाचून दाखवलं, शाई तशीच) की या आठवड्यात संध्याकाळी पश्चिमेला, चंद्रकोर आणि गुरू यांच्या आसपास तो असणार. मग महिनाभर सूर्याच्या झोतात गडप. मग मार्चात पहाटे, एप्रिलात रात्री दक्षिणेकडे, आणि त्यानंतर शहात्तर वर्षं नाही. पुढच्या खेपेला यायला मी असणार नाही, हे गणित भूगोलाच्या मास्तरलाही जमतं.

मला तो पाहायचा आहे. आयुष्यात फार काही मागितलेलं नाही. बढती मागितली नाही, काशी मागितली नाही. एवढं एक पाहायचं आहे, आणि स्वतःच्या डोळ्यांनी.

गल्लीत सांगून टाकलं: सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी आमच्या गच्चीवर.

१३ जानेवारी, सोमवार, रात्र

कसं लिहू. आधी आनंदाचं लिहितो.

पाहिला. मी सर्वांत आधी पाहिला. गच्चीवर चटया अंथरल्या होत्या, हिने चुरमुऱ्यांचं गिरमिट केलं होतं, गल्लीतलं झाडून सगळं माणूस आलेलं. सूर्य बुडाला, कोर ठसठशीत झाली आणि तिच्या खाली तो. मोठा, पिसारलेला, डावीकडे खाली शेंडी कललेली. गुरू तिथेच जवळ असायला हवा होता, पण तो क्षितिजावरच्या धुळीत गेला असणार. दुर्बीणही लागली नाही, नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मी हात वर करून सगळ्यांना दाखवला.  मी सांगितलं की शेंडी नेहमी सूर्यापासून उलट दिशेला असते. मग जाणवलं की ही तर सूर्याकडे आहे. पण तेवढ्यात अंबूताई म्हणाल्या, "दिसला हो मास्तर, केवढा तो," आणि सगळेच म्हणायला लागले, दिसला, दिसला.

आता दुसरं. ही गिरमिटाची परात हातात घेऊन उभी होती. बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, बरीच चुकी आहे.

एकतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला. त्याच्या आयुष्याच्या दिवशी. सगळ्या गल्लीसमोर. चुकी, आणि तीही बरीच.

मी गिरमिट खाल्लं नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. हिने तळहातावर कुसुरेळ्ळ ठेवलं. काट्याचा पांढरा तीळ, दरवर्षी स्वतः करते, बोटं भाजेपर्यंत परतत बसते. म्हणाली, "गोड बोला." गोड बोलायला आधी बोलावं लागतं. मी तीळ तोंडात टाकला आणि पेपर उघडला. उलटा होता म्हणे.

दिवसभर माणसं येत होती. प्रत्येक जण धूमकेतूचं कौतुक करून जात होता. ही आतून ऐकत होती. ऐकू दे.

१७ जानेवारी

हातातलं काम टाकून लिहितो आहे. 

दुपारी अंबूताई हळदीकुंकवाला आल्या. ही आत वाण आणायला गेली. अंबूताईंना आमचा अबोला कळला होता. त्यांना न कळून कसं चालेल? मी म्हटलं, "ताई, तुम्हीच सांगा. भर गच्चीत मला म्हणाली, बरीच चुकी आहे."

अंबूताई माझ्याकडे बघत राहिल्या. "मास्तर, असं कुठं म्हटली? मी शेजारीच होते की. 'बरे चुक्की अद री' म्हटली. कानडीत म्हटली हो."

बरे चुक्की. बरे म्हणजे नुसती. चुक्की म्हणजे चांदणी. नुसती चांदणी आहे हो, एवढंच. मी कानडी मुलुखात जन्मलो, भाजी कानडीत आणतो, देवाशी भांडतो तेही कानडीत, आणि बायकोचे चार शब्द मला मराठीत ऐकू आले. मला जे ऐकू येईल म्हणून भीती वाटत होती तेच ऐकलं, दुसरं काय.

मला हसू आलं. मनापासून हसलो, अंबूताईही हसल्या. आणि मग हसता हसता विचारलं, "पण नुसती चांदणी कशी? शेपूट होतं ना?"

अंबूताई हसायच्या थांबल्या.

"शेपूट कुठलं आलंय हो. लख्ख चांदणी होती. तुम्ही एवढ्या आनंदानं दाखवत होता, मग आम्ही पण हो म्हटलं. कुणाला तोंड होतं नाही म्हणायला?"

म्हणजे तो गुरू होता. शेंडी कुणालाच दिसली नव्हती. मला एकट्याला दिसली.

त्या गेल्यावर मी खिडकीपाशी गेलो. उजवा डोळा तळहाताने झाकला. खिडकीचे गज नाहीत. खिडकी नाही. नुसता उजेड. डावा झाकला तर गज दिसले, पण प्रत्येकाला शेजारी एक जुळा. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. हात बदलला. मग लक्षात आलं की ही दारात उभी आहे.

मी म्हटलं, "तुला ठाऊक होतं?"

"दसऱ्यापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर दुर्बीण बांधून माळ्यावर टाकली असती तुम्ही. मला ठाऊक नाही काय?" मग जवळ येऊन बसली. "मी बघून सांगत होते की सगळं. तेवढं तर होत होतं."

गोडी लागली आहे, असं मी लिहून ठेवलंय वर. असू दे. खोडत नाही.

२० जानेवारी

डोळ्यांचा डॉक्टर प्रभंजन हा माझा विद्यार्थी. वर्गात नकाशा भरणं त्याला कधी जमलं नाही, अरबी समुद्र पूर्वेला रंगवायचा. आता लोकांच्या डोळ्यांत सुई घालतो. मी मनात म्हटलं, दिशा तरी सुधारल्या असतील.

दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू. डावा पूर्ण पिकलाय, उजवा अर्धकच्चा. मी म्हटलं, "डॉक्टर, मला एप्रिलच्या मध्यापर्यंत एक डोळा द्या."

"सर, धूमकेतूसाठी मी डोळा कापत नाही."

"मग कशासाठी कापता?"

त्याने समोरचा कागद ओढला. मग हिशेब मांडला. फेब्रुवारीत डावा करायचा, सहा आठवडे जखम भरायला, त्याआधी चष्म्याचा नंबर काढता येत नाही, मग चष्मा बनायला दिवस. एप्रिल जेमतेम. मध्ये खोकला आला, ताण पडला, डोळ्यात पाणी गेलं, तर सगळं लांबलं. आणि सगळं नीट झालं तरी दिसेलच असं तो लिहून देणार नाही. डोळ्याचा पडदा मागे कसा आहे हे मोतीबिंदू काढल्याशिवाय कळत नाही म्हणे.

मी म्हटलं, करा. हिला विचारलं नाही. बाहेर आल्यावर विचारलं. ही म्हणाली, "मी काल अंबूताईंना सांगून ठेवलंय, फेब्रुवारीत दूध त्यांच्याकडं घ्यायचं म्हणून."

१६ फेब्रुवारी, रविवार

हे सांगतायत, मी लिहितेय. (माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. शाळा कानडी झाली. चुका काढायच्या नाहीत असं कबूल करून घेतलंय. — य.)

शस्त्रक्रिया झाली. डाव्या डोळ्यावर पट्टी आहे. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. (अंबूताईंना येऊ देत नाही त्यासाठी.) दिवसभर छताकडे तोंड. हॅले आत्ता सूर्याच्या पाठीमागून वळून निघाला असेल. तोही कुणाला दिसत नाही, मलाही कुणी दिसत नाही, बरोबरीचा मामला आहे. मी अजिबात घाबरलेलो नाही. (रात्री दोनदा विचारलं, पडदा बरा असेल ना म्हणून. मी म्हटलं, असेल.)

डॉक्टर म्हणाले, काम नीट झालंय. पण किती दिसेल हे चष्मा लागल्यावर. (मागची पानं मी वाचलेली नाहीत. पण अक्षर एवढं मोठं केलंय की न वाचता दिसतंच.)

१५ मार्च

स्वतःच्या हाताने. ओळी वाकड्या जात असतील. डोळ्यावर हिरवी झडप, चष्मा नाही. त्या डोळ्यातलं भिंगच काढून टाकल्यामुळे सगळं पाण्याखाली असल्यासारखं. पण उजेड. काय उजेड आहे. आकाशाचा निळा रंग मी विसरलो होतो. हिच्या हिरव्या लुगड्याला मी वर्षभर काळं म्हणत होतो.

आणि आज पहाटे गल्लीने हॅले पाहिला. खरा. आग्नेयेला, गच्चीवरून. ही रोज उठून जाते. आज धावत खाली आली, पायऱ्या न मोजता.

"दिसला हो. बालचुक्की दिसली."

कानडीत बाल म्हणजे शेपूट. या वेळी नीट ऐकलं.

"शेंडी कशी आहे? डोकं ठळक आहे ना?"

"ठळक कुठलं? पुसल्यासारखं आहे. रांगोळीवरून पदर गेल्यासारखं."

"डोकं ठळकच असतं. टोकदार. नीट बघितलं नाहीस तू."

"बरं," म्हणाली.

हिचेही डोळे एकदा तपासून घ्यायला हवेत. खूप जळलो आज. आनंदही झाला, पण जळलो जास्त. गुरुराजही पाहून आला आणि जिन्यावर मला बघून दुधाच्या भावाचं बोलायला लागला.

२ एप्रिल

नंबर निघाला. चाचणीची भिंगं लावून प्रभंजनने भिंतीवरच्या पाटीची शेवटून दुसरी ओळ वाचून घेतली. मी वाचली. त्याने खालची दाखवली. तीही वाचली. पडदा ठणठणीत.  मग प्रभंजन म्हणाला, "सर, अरबी समुद्र कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, "पश्चिमेला," आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

धारवाडला सुभाष रोडवर चष्म्याचं दुकान आहे, तिथे करायला दिला. एवढं जाड भिंग तयार नसतं, मुंबईहून येतं. आठवडाभर लागेल म्हणाले. मी दुकानदाराला शहात्तर वर्षांचा हिशेब समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

११ एप्रिल

चष्मा नाही. काल पाडवा, दुकान बंद. परवा गेलो तर पार्सल बेळगावपर्यंत आलंय म्हणे. बेळगावात काय करतंय ते?

हॅले या दोन-तीन दिवसांत पृथ्वीच्या सर्वांत जवळ. नंतर चंद्र मोठा होत जाणार आणि तो फिका. म्हणजे सगळं या आठवड्यात. आमच्या गच्चीवरून दक्षिण दिसतही नाही, समोर नवीन दुमजली उभी राहिली आहे. जिभेची चव गेली आहे. हिने कडुनिंब जास्त घातला असेल, किंवा मीच तसा आहे. ही म्हणते, "मी बघून सांगते की." मी म्हटलं, "नको. या वेळी नको." ती उठून आत गेली. तिला लागलं असेल. पण मला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघायचं नाही, तिच्याही नाही. हे तिला सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितो.

१२ एप्रिल, शनिवार

आला. आला. गुरुराज दुपारी बँकेतून रजा टाकून धारवाडला गेला आणि घेऊन आला. मी त्याला काही कधी शिकवलं नाही, तरी.

लावला (उजव्या डोळ्यापुढे दुधी काच, मोतीबिंदूचा जुळा मध्ये येऊ नये म्हणून) आणि घर माझ्या अंगावर आलं. सगळं मोठं. कपाचा कान धरायला गेलो तो कपाच्या अलीकडेच हात मिटला. मधोमध लख्ख, पण डोळा फिरवला की कडेला माणूस गायब होतो आणि दुसऱ्या बाजूने उगवतो. अंबूताई अशा दोनदा उगवल्या. प्रभंजनने सांगून ठेवलंय, डोळा नाही फिरवायचा, मान फिरवायची. कोंबडीसारखी मान वळवत घरभर फिरलो. पेपरची शाई उत्तम आहे. वीज मंडळाला उगाच बोललो.

रात्री दारातून वर बघितलं. तारे टिंबाएवढे. सुईच्या टोकाएवढे. त्यांना केस नाहीत, पिसारा नाही, जुळा नाही. इतके बारीक असतात, हे मला ठाऊक नव्हतं. खरंच ठाऊक नव्हतं. दारातल्या पायरीवर बसून राहिलो, शेवटी हिने हाक मारली.

१४ एप्रिल, सोमवार

उणकलच्या तळ्याच्या बांधावर. प्रभंजनने गाडी काढली. पुढे तो आणि मी, मागे ही आणि अंबूताई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण त्या आधीच गाडीत बसलेल्या होत्या. जेवणं आटोपून निघालो. दुर्बीण घेतली नाही, वाकायची अजून मनाई आहे. नुसत्या डोळ्यांनीच बघायचं होतं.

चंद्रकोर पश्चिमेला उतरत होती. तळ्यापलीकडे दक्षिण मोकळी. खाली त्रिशंकू, चार टिंबं, शाळेच्या नकाशातल्यासारखी नेमकी. डावीकडे मित्र तारा, नरतुरंगाच्या पायाशी. आयुष्यभर नुसती नावं घेतली होती यांची. मी मान वळवत वळवत वर सरकत होतो. प्रभंजन शेजारी उभा होता आणि माझ्या डोळ्याकडे बघत होता, आकाशाकडे नव्हे.

आणि मग पिसारलेलं काहीतरी.

पुसट, मोठं, कडा नसलेलं. मध्ये किंचित उजळ आणि भोवती विरत गेलेलं. मी डोळा मिटला, उघडला. तसंच. चष्मा काढून धोतराने पुसला, लावला. तसंच.  वर्षभर मला हेच दिसत होतं. गुरू असा होता, चंद्र असा होता, हिचं तोंड असं होतं. परत सुरू झालं, असं वाटलं. प्रभंजन दोन हातांवर उभा होता, पण त्याला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तो बॅटरी काढून तिथेच डोळ्यात बघत बसला असता आणि काय सांगितलं असतं कोण जाणे.

मग शेजारचा तारा पाहिला. टिंब. त्याच्या वरचा पाहिला. टिंब. उजवीकडे मान वळवली, त्रिशंकू, चार टिंबं. पुन्हा डावीकडे, हळूहळू. ते एकच पुसट. आख्ख्या आकाशात तेवढं एकच.

मी हिला जवळ बोलावलं. कानात विचारलं, "ते तिथं. मित्र ताऱ्याच्या बरंच वर. दिसतंय?"

"दिसतंय की."

"कसं दिसतंय? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको. कडा आहेत त्याला?"

"कडा कुठल्या हो," ही म्हणाली. "पुसट आहे. मी मार्चातच सांगितलं होतं की तुम्हाला. पुसटच असतो तो."

मी बसायला मागे हाताने दगड चाचपायला लागलो तशी तिने माझा दंड धरला. प्रभंजन घाईने पुढे आला, "काय झालं सर? दिसेना काय?"

मी म्हटलं, "पुसट दिसतोय."

त्याचा चेहरा उतरला. अंधारातही मला तो उतरलेला दिसला. मी म्हटलं, "अरे, बरोबर दिसतोय. तो आहेच पुसट."

मागून अंबूताई विचारत होत्या, कुठं, कुठं, आणि ही त्यांना बोट धरून दाखवत होती. मी बांधावरच्या दगडावर बसलो, मान वर केली आणि पोटभर पाहिला.